जागल

परतवाड्याच्या जुन्या छावणीकडं जे छोटं चर्च आहे, तिथं रविवारच्या उपदेशात डुलकी काढायची कुणाची छाती नव्हती. कारण सलोमीबाई. सत्तरी कधीच मागं पडलेली, पाठ ताठ, अंगावर पांढरं सुती पातळ आणि हातात बाराही महिने शिंदीच्या पानांचा पंखा. उन्हाळ्यात तो वारा घ्यायला. एरवी त्याचा दांडा लोकांच्या बरगड्यांत खुपसायला. उपदेश लांबला आणि एखाद्याची मान छातीकडं झुकू लागली की बाई उठायच्या, पाय न वाजवता त्याच्या मागं जाऊन उभ्या राहायच्या आणि दांडा नेमक्या जागी टोचायच्या. माणूस दचकून मोठ्यानं "आमेन" म्हणायचा. पाळकांना वाटायचं, उपदेश पोचला.

सगळ्यांत जास्त टोचण्या वामनरावांनी खाल्ल्या होत्या. वामनराव म्हणजे शाळेतले निवृत्त कारकून आणि चर्चच्या कमिटीचे जुने सभासद. कमिटीत कुणालाही दोन शब्द सुनावतील, पण या बाईपुढं त्यांचं काही चालत नसे. ते सगळ्यांना सांगून ठेवायचे की एक दिवस ही बाई मले डुलक्या घेताना सापडू द्या, मग पाहा मी काय करतो ते. बाई सापडत नव्हत्या. त्या कधी डुलल्याचं कुणी पाहिलंच नव्हतं.

चर्चबाहेरही तेच. एटीएमचा चौकीदार खुर्चीत पेंगताना दिसला की बाई काचेवर टकटक करून त्याला उठवायच्या. अमरावतीला जायचं तर एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागचीच जागा धरायच्या आणि त्याचं सगळं खानदान विचारून होईपर्यंत त्याला जांभई देऊ द्यायच्या नाहीत. मिशनच्या दवाखान्यात त्या आयाचं काम करायच्या, तेव्हा बाकीच्या आया रात्रपाळी चुकवायला सतरा कारणं सांगत आणि ही ती मागून घेई. लोक म्हणत, खोड आहे म्हातारीची. खोड खरीच होती, पण ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलंही नाही.

चर्चमध्ये त्यांची बसायची जागाही ठरलेली होती. मागच्या ओळीत, खांबाच्या आड. तिथून पाळक नीट दिसत नाहीत, वाराही लागत नाही. पण डाव्या भिंतीतला दगड जिथून दिसत नाही अशी चर्चमध्ये ती एकच जागा होती.

त्या दगडावर त्यांच्या भावाचं नाव होतं. पौलस याकोब खंडारे, एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या सीमेवर कामी आलेला शिपाई. भावाच्या दगडाकडं पाठ फिरवून बसणारी बहीण, असं कुणी म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. मात्र त्यामागची गोष्ट वेगळी होती.

पौलस आणि सलोमी लहान असताना त्यांचे वडील, याकोबबाबा, एका पाटलाचं वावर बटईनं करायचे. वावर डोंगराच्या पायथ्याशी. ज्वारी हुरड्यात आली की मेळघाटातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जायची. म्हणून जागल करावी लागे, म्हणजे रात्रभर मचाणावर बसून राखण. पौलस कामाला वाघ होता, पण झोपेपुढं त्याचा इलाज चालत नसे. बसल्या जागी झोपे, उभ्याउभ्या झोपे, एकदा तर घास तोंडात तसाच ठेवून झोपला. एका साली त्याच्या जागलीवर डुकरांनी अर्धं वावर फस्त केलं आणि हा मचाणावर घोरत होता. बाबांनी तुराटी मोडेपर्यंत त्याला मारलं.

पुढच्या साली त्यांनी सलोमीलाही बरोबर धाडलं. पौलस वर मचाणावर, ती खाली गवताच्या खोपडीत. पोरगी डोक्यानं चलाख होती. तिनं एक लांब सुतळी घेतली, एक टोक भावाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं आपल्या हातात धरलं. दोघांनी खुणा ठरवल्या. खालून एक झटका म्हणजे, जागा आहेस का? वरून उलटा एक झटका म्हणजे, आहे. आणि वरून दोन झटके आले की डुकरं आली. मग दोघांनी मिळून डबडी बडवायची. त्या सुतळीनं पुढची सगळी सालं ज्वारी सुखरूप घरात आली.

पौलस पलटणीत भरती झाला तेव्हा त्याला पोचवायला ती एसटी स्टँडवर गेली होती. गाडी हलताना खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "सले, तथी माह्या अंगठ्याले दोरी कोन बांधन वं?" ती पोट धरून हसली. भावाशी तिचं ते शेवटचं बोलणं ठरलं आणि पुढं तेच तिला छळत राहिलं.

डिसेंबरात तार आली. शव काही घरी आलं नाही, त्यामुळं कबरही नाही. मंडळीनं ठरवलं की निदान चर्चमध्ये एक दगड बसवू. तेव्हाचे पाळक नगरकडचे, मोठे सज्जन आणि भाषेचे शौकीन. मजकूर त्यांनीच केला: "देशाच्या सीमेवर पहारा देत असता प्रभूमध्ये झोपी गेला."

आता ख्रिस्ती मराठीत माणूस मरत नाही, प्रभूमध्ये झोपी जातो. कबरस्तानातल्या झाडून साऱ्या दगडांवर हेच आहे. झोपलेला माणूस उठतो, आणि आपलाही एक दिवस उठेल, अशी त्यामागची श्रद्धा. मंडळीच्या कानाला हे शब्द इतके सवयीचे की कुणाला काही खटकलं नाही. कोरणाऱ्यानं कोरलं, कमिटीनं मान डोलावली.

खटकलं ते पाहुण्याला. दगडावरचा पडदा काढायला तालुक्याचे कोणी साहेब आले होते. त्यांनी मजकूर मोठ्यानं वाचायला घेतला. "देशाच्या सीमेवर पहारा देत असता..." इथवर आवाज खणखणीत होता. पुढचं वाचताना तो अडखळला आणि "झोपी गेला" हे शब्द त्यांच्या तोंडून प्रश्नासारखे बाहेर पडले. मागं बाजारातली काही मंडळी उभी होती, त्यांच्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी घाईघाईनं प्रभूचं नाव घेऊन वेळ मारून नेली. पण आठवडी बाजारात गोष्ट पोचायची ती पोचलीच, की खंडाऱ्याचं पोरगं म्हणे पहाऱ्यावर झोपलं.

लोकांचं हसणं सलोमीनं गिळलं असतं. तिला गिळता आलं नाही ते बापाचं बोलणं. घरी आल्यावर याकोबबाबा भिंतीला टेकून बसले आणि कुणाकडंही न पाहता म्हणाले, "झोपलाच असन पोट्टा." पुढं ते जगले तोवर त्यांनी पोराचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून ते वाक्य सलोमीच्या डोक्यात बसलं. दगड चुकीचा आहे म्हणून ती सगळ्यांशी भांडली, पण दगड खरा असेल तर, ही भीती तिनं कुणाला बोलून दाखवली नाही. भावाला तिच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. तो झोपला असेल, आणि त्याच्या झोपेपायी आणखी किती आयांची लेकरं गेली असतील? लग्न झालं, नवरा लवकर गेला, मुलगी मोठी होऊन नागपूरला नांदायला गेली, आणि इतक्या सगळ्यातून हा एकच प्रश्न बाईंच्या सोबत म्हातारा झाला. दिसेल त्या पेंगणाऱ्याला त्या उठवत सुटल्या ते यामुळं.

मजकूर बदला म्हणून त्या प्रत्येक नव्या पाळकाकडं गेल्या. एकानं त्यांना पुनरुत्थानाचा अर्थ समजावून सांगितला. दुसऱ्यानं त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तिसऱ्यानं विषय कमिटीपुढं ठेवतो म्हटलं आणि त्याची बदली झाली.

गेल्या पावसाळ्यात भिंतीत ओल शिरली, दगड निखळून पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. नवा करायचं ठरलं. या वेळचे पाळक म्हणजे पास्टर जयवंत, मोटरसायकलवर फिरणारा तरुण माणूस. बाई कंबर कसून भांडायला गेल्या, तर त्यांनी सरळ खिशातून पेन काढला आणि म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ आहे. तुम्ही सांगाल ते कोरू. बोला."

बाईंनी तोंड उघडलं. "पहाऱ्यावर जागा असता कामी आला" हे शब्द इतकी वर्षं ओठांवर होते, आणि आता मुभा मिळाली तर ते बाहेर पडेनात. खरं काय ते ठाऊक नसताना देवाच्या घरात, दगडावर, कसं कोरायचं? वामनराव तिथंच होते. त्यांनी सोपा तोडगा काढला की पहाऱ्याचं गाळून टाका, नुसतं झोपी गेला ठेवा, भानगडच नको. बाई त्यांच्यावर उखडल्या. पहाऱ्यावर होता तो, म्हणाल्या, तेवढं तरी खरं आहे, तेही पुसायचं का? मग पास्टरांकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "सांगतो मी. रविवारपर्यंत थांबा." घरी येऊन त्या पहिल्यांदाच जेवल्याशिवाय बसून राहिल्या.

इकडं पास्टरांनी दगडाच्या कार्यक्रमाला कुणी फौजी पाहुणा मिळावा म्हणून अमरावतीच्या माजी सैनिकांच्या मंडळींना निरोप धाडला होता. निरोप या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत अकोटला पोचला, आणि रविवार यायच्या आतच अकोटच्या एसटीतून एक उंच म्हातारा उतरला. एक पाय जरा ओढत चालणारा, कोटावर पदकं लावलेला. सोबत कॉलेजातली नात, माया, आणि तिच्या हातात सुतळीनं तोंड बांधलेली संत्र्यांची पिशवी. संत्र्याच्या मुलखात संत्री घेऊन येणारा पाहुणा पाहून पास्टरांना हसू आलं. ते दोघांना सलोमीबाईंच्या घरी घेऊन गेले.

म्हाताऱ्यानं दारातच "जयभीम" केला, बाईंनी ख्रिस्ती रीतीनं "सलाम" म्हणून आत घेतलं. त्यांचं नाव देवमन. एकाहत्तरला पौलसच्याच पलटणीत, त्याच्याच खंदकात होते. त्याच लढाईत पायाला लागलं, कुठकुठल्या इस्पितळांतून फिरवलं, आणि बरे होऊन आले तोवर माणसं पांगलेली. खंडाऱ्याच्या घरच्यांना भेटायचं मनात होतं, पण नेमकं गाव ठाऊक नव्हतं. पलटणीत सगळे आडनावानं हाक मारायचे. खंडारे म्हटल्यावर देवमननी तो आपल्यातलाच धरला. पातूर, तेल्हारा, दर्यापूर, जिथं म्हणून खंडारे ऐकले तिथल्या बौद्धपुऱ्यात ते जाऊन आले, विहारांत चौकशी केली. एकाहत्तरला गेलेला खंडारे कुणाचाच नव्हता.

"पावलस म्हनत कधी कधी त्याले," देवमन म्हणाले. "मले वाटलं, घरचं लाडाचं नाव असन. मी साऱ्या वऱ्हाडातले विहारं पालथे घातले बाई, अन् हा चर्चात निघाला."

माया हसली, पास्टर हसले. बाईंना हसता आलं नाही. देवमन त्यांच्याकडं निरखून पाहत होते. त्यांनी विचारलं, "तुमीच सली काय?"

या नावानं हाक मारणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि चहाचं, पाण्याचं काही न विचारता मनातलं विचारून टाकलं.

"भाऊ, एक इचारतो. खरं सांगजा. माह्यासाठी गोड करून सांगू नका. तो झोपला होता का?"

देवमनना प्रश्नच समजला नाही. पास्टरांनी दगडावरचा मजकूर सांगितला, तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मायाकडून पिशवी घेतली आणि तिची सुतळी सोडायला लागले. गाठ सुटेना, पण त्यांनी नातीला मदत करू दिली नाही. सुटल्यावर एक टोक त्यांनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं बाईंच्या हातात दिलं. मग त्यांनी सुतळीला एक झटका दिला.

बाईंचा हात आपोआप हलला. त्यांनी उलटा एक झटका दिला.

देवमननी दोन झटके दिले. सलोमीबाई खाटेवरून उठून उभ्या राहिल्या. "डुकरं आले," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर खाली बसल्या.

"बराबर," देवमन म्हणाले. "हेच शिकवलं होतं त्यानं आमाले. त्याचा पहारा असला का तो माह्या मनगटाले सुतळी बांधे अन् दुसरं टोक घेऊन पुढं जाऊन बसे. म्हने, घरी माही बहीण मले जागं ठेवते, अथी मी तुमाले उठवतो. त्या रातीले दोन झटके आले. मी एक देल्ला, म्हनजे समजलो. साऱ्याइले हलवलं. आमी बंदुका घेऊन उभे झालो तवा ते लोकं पार पुढ्यात आले होते. गोळ्या सुटल्या. मंग मी सुतळी वढली, का त्यानं मांगं यावं."

मनगटावरची सुतळी त्यांनी हळूहळू सोडली.

"ते ढिली आली, बाई."

देवमननी मायाच्या डोक्यावर हात ठेवला. "आमी सारे घरी आलो त्या खंदकातले. लेकरं झाले, नातवंडं झाले. तो झोपला असता तं हे पोरगी नसती. झोपला म्हनता? त्याच्या पहाऱ्यावर तं आमी बिनघोर झोपत होतो."

सलोमीबाई रडल्या. भाऊ गेल्याची तार आली तेव्हा रडल्या नव्हत्या इतक्या रडल्या, आणि मधेच हसत होत्या. पन्नास वर्षांचं ओझं छातीवरून उतरलं होतं आणि उतरल्यावर कळत होतं की ते केवढं होतं. त्यांना बापाची आठवण आली. बाबा असते तर त्यांना वावरात गाठून सांगितलं असतं, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग डोळे पुसून पिशवीतली संत्री काढली आणि परतवाड्याची संत्री यापेक्षा गोड असतात हे पाहुण्यांना ऐकवत सगळ्यांना सोलून खायला घातली. देवमनना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जेवताना त्यांनी पौलसच्या लहानपणच्या झोपेच्या गोष्टी सांगितल्या, घास तोंडात राहिल्याचीसुद्धा, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या सांगताना भीती वाटली नाही.

रविवारी उपासना संपल्यावर पास्टरांनी पेन काढला. कमिटी भोवती जमली. वामनराव जरा लांबच उभे राहिले.

"होतं तेच लिवा," बाई म्हणाल्या.

पास्टरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी विचारलं की झोपी गेला, असंच?

"हो, झोपलाच तो. पन मधात 'देत असता' हाय ना, ते काढा. तथी 'देऊन' टाका. पहारा देऊन झोपला. काम पुरं करून झोपला माहा भाऊ."

पास्टरांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "देशाच्या सीमेवर पहारा देऊन प्रभूमध्ये झोपी गेला." वामनरावांनी चष्मा काढून उगाच पुसला आणि ठराव मंजूर म्हणून सांगून टाकलं.

नवा दगड बसला त्या दिवशी पडदा देवमननी ओढला. मजकूरही त्यांनीच वाचला, न अडखळता, आणि शेवटी कडक सलाम ठोकला. पहिल्या बाकावर अकोटहून आलेली त्यांची सगळी लेकरं-नातवंडं बसली होती. इतके "जयभीम" आणि "सलाम" त्या चर्चच्या अंगणात एका दिवशी कधी झाले नसतील.

त्याच्या पुढच्या रविवारी सलोमीबाई खांबाआडच्या जागेवर गेल्या नाहीत. डाव्या भिंतीला, दगडाच्या बरोबर खाली जाऊन बसल्या. वामनराव नेमके त्यांच्या मागच्या बाकावर होते. उपदेश सुरू झाला, रंगला, आणि नेहमीसारखा लांबला. वामनरावांनी डोळे मिटायच्या आधी सवयीनं बाई कुठं आहेत ते पाहिलं, आणि त्यांची झोपच उडाली. बाईंची मान झुकली होती. पंखा मांडीवर घसरला होता. त्या चक्क घोरत होत्या, बारीक आवाजात, भावासारख्या.

चर्चमधल्या सगळ्या नजरा वामनरावांकडं वळल्या. इतक्या वर्षांची त्यांची संधी समोर बसली होती. त्यांनी पुढं वाकून पंखा हळूच उचलला, दांडा पुढं धरला, नेमकी जागा हेरली. मग त्यांची नजर वर दगडावर गेली. त्यांनी पंखा हातातल्या हातात उलटा फिरवला आणि उपदेश संपेपर्यंत बाईंना वारा घालत बसले.